उलटून देण्याच्या बोलीवर

‘घरप्रपंचाच्या अडचणीकरिता सदर जमीन तुम्हांस कायमची खरेदी दिली असून, मोबदल्याचा संपूर्ण भरणा आज रोजी रोख मिळाला, त्याबद्दल तक्रार राहिली नाही, ताबा आजच दिला आहे.’ हे वाक्य गेल्या 22 वर्षांत मी किती दस्तांत टंकले असेल याची मोजदाद नाही. लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, दुय्यम निबंधक कार्यालयासमोरच्या पत्र्याच्या शेडात माझे टेबल आहे. मुद्रांक विकणे आणि दस्त लिहिणे हा माझा व्यवसाय. हे वाक्य संगणकात साठवलेलेच असते, नावे, गट क्रमांक आणि चतुःसीमा तेवढ्या बदलाव्या लागतात. त्यातली ‘घरप्रपंचाची अडचण’ बहुतेक वेळा खरी असते. उरलेले वाक्य मात्र अनेकदा खोटे असते, आणि ते खोटे आहे हे लिहून देणारा, लिहून घेणारा, दोन्ही साक्षीदार आणि दस्तलेखक असे पाचही जण जाणून असतात.

जमीन विकलेली नसते. व्याजाने पैसे घेतलेले असतात आणि तारण म्हणून खरेदीखत करून दिलेले असते. पैसे फिटले की जमीन उलटून द्यायची, अशी तोंडी बोली असते. आमच्याकडे याला मुदत खरेदी म्हणतात. दस्तात मुदतही नसते आणि बोलीही नसते, आणि ती नसण्याला चांगले कायदेशीर कारण आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्यात 1929 साली झालेल्या दुरुस्तीपासून, फेरखरेदीची अट विक्रीच्या त्याच दस्तात लिहिलेली नसेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. ही तरतूद शेतकऱ्याला ठाऊक नसते, पण व्याजाने पैसे देणाऱ्याला तोंडपाठ असते. म्हणून तो उलटून देण्याचा विषय दस्ताबाहेर ठेवतो; फारच आग्रह झाला तर वेगळ्या मुद्रांकावर चार ओळी लिहून देतो, आणि तो कागदही बहुधा स्वतःच्याच कपाटात ठेवतो.

हे सगळे मी आज इतक्या सरळपणे लिहितो आहे, कारण मे 2015 मध्ये असा एक दस्त मी माझ्या सख्ख्या मामांचा लिहिला.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे सलग तिसऱ्या-चौथ्या वर्षी पाण्याची दशा झाली होती. पुढच्याच वर्षी, एप्रिल 2016 मध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे अनेकांना आठवत असेल. मामांची साडेचार एकर जमीन. विहीर आटली, ऊस केव्हाच मोडला होता, आणि थोरल्या मुलीचे लग्न ठरलेले होते. लग्नाला आणि बोअरला मिळून दीड लाख रुपये हवे होते. गावातल्याच एका कृषी सेवा केंद्रवाल्याने ते ‘तीन रुपयांनी’ द्यायचे कबूल केले आणि दोन एकरांचे खरेदीखत मागितले. मामा माझ्यासमोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, “लिही बाबा भाच्या, ते काय जमीन खातेत का? उलटून देणारंच हायेत.” लिहून घेणारा शेजारी उभा होता, त्याने मान डोलावली. मी वाक्य टंकले. मामा म्हणून त्यांच्याकडून लिहिणावळ घेतली नाही, आणि भाच्याचे कर्तव्य तेवढ्याने पार पडले, असे तेव्हा मला खरोखर वाटले.

‘तीन रुपये’ या दोन शब्दांत या धंद्याचे अर्धे बळ आहे. तीन रुपये म्हणजे शेकडा तीन, दरमहा. कोणीही ते वर्षाचे करून सांगत नाही. वर्षाचे 36 टक्के होतात, हे ऐकले की माणूस दचकतो; तीन रुपये ऐकून दचकत नाही. पाच रुपये म्हणजे 60 टक्के, आणि नड फारच मोठी असली की दहा रुपयेही चालतात, म्हणजे 120 टक्के. माझ्या आजीच्या तोंडी धान्याची सवाई-दिडी असे. पेरणीला पोतेभर ज्वारी आणली की खळ्यावर सव्वा किंवा दीड पोते परत जायचे. तो हिशेब क्रूर होता, पण डोळ्यांना दिसायचा, कारण वाढलेले अर्धे पोते प्रत्यक्ष उचलून द्यावे लागे. महिन्याच्या रुपयांचा हिशेब दिसत नाही.

मामांच्या हातात दीड लाख कधी आलेच नाहीत. तीन महिन्यांचे व्याज, 13,500 रुपये, आधीच कापून घेतले. मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि इतर खर्च असे 18,500 रुपयेही त्यांच्याच पैशांतून गेले. म्हणजे ज्या दस्ताने जमीन जाणार, त्या दस्ताचा खर्चही जमीन घालवणाऱ्यानेच केला. हाती 1,18,000 आले आणि व्याज दीड लाखावर सुरू झाले. वर्षाला 54,000 रुपये. मिळालेल्या रकमेशी ताडून पाहिले तर हा दर 46 टक्क्यांच्या जवळ जातो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम 16 जानेवारी 2014 पासून लागू आहे, म्हणजे मामांचा दस्त झाला तेव्हा तो दीड वर्षाचा होत आला होता. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याला तारण घेऊन कर्ज दिले तर वर्षाला 9 टक्के आणि विनातारण दिले तर 12 टक्के, इतकेच व्याज घेता येते. शेतकरी नसलेल्यांसाठी हेच दर 15 आणि 18 टक्के आहेत. चक्रवाढ व्याज घेता येत नाही, आणि मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. ही जुनी दामदुपटीची मर्यादा आहे. परवान्याशिवाय सावकारी केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि विनापरवाना सावकाराला दिवाणी न्यायालयातून वसुलीचा हुकूमनामाही मिळू शकत नाही. कागदावर याहून चांगला कायदा मागायला जागा नाही. पण परवानाधारक सावकार बहुतांशी सोने तारण ठेवणारे असतात. खत-बियाण्यांचे दुकानदार, प्लॉटचे व्यवहार करणारे, एखादा निवृत्त नोकरदार, यांच्याकडे परवाना नसतो, आणि त्यांना कोणी सावकार म्हणतही नाही. ‘त्यांनी आपल्याला अडचणीत मदत केली’ असेच म्हणतात. मामाही म्हणत.

मामा बँकेत का गेले नाहीत, असे शहरातल्या एका मित्राने मला विचारले होते. ते बँकेत गेले होते. पीक कर्ज वेळेत फेडणाऱ्या शेतकऱ्याला केंद्राच्या आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे 3 लाखांपर्यंतचे कर्ज जवळजवळ बिनव्याजी पडते, ही गोष्ट खरी आहे. अट एकच, वेळेत. मार्चअखेर जुने भरायचे आणि एप्रिलमध्ये नवे उचलायचे, याला आमच्याकडे ‘नवं-जुनं’ म्हणतात. दुष्काळात ज्याच्या घरी मार्चअखेर रोकड नसते, तो आठ-दहा दिवसांसाठी कोणाकडून तरी लाखभर रुपये आणतो, बँकेत भरतो, नवे कर्ज मंजूर झाले की ते काढून त्याला परत करतो, आणि त्या आठवड्याचे तीन-चार हजार रुपये मोजतो. बँकेच्या खात्यात तो नियमित कर्जदार दिसतो. त्याचे बिनव्याजी कर्ज त्याला प्रत्यक्षात केवढ्याला पडले, हे कुठल्याच खात्यात दिसत नाही. मामांना 2014 च्या मार्चमध्ये तेवढेही जमले नाही, ते थकबाकीत गेले, आणि थकबाकीदाराला बोअरसाठी किंवा लग्नासाठी बँक दारात उभे करत नाही.

पुढे 2019 च्या महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजनेत त्यांचे बँकेचे पीक कर्ज माफ झाले. मामींनी पेढे वाटले. मीही खाल्ला. कृषी सेवा केंद्रवाल्याच्या कपाटातला दस्त जिथे होता तिथेच होता. राज्य सरकारने 2015 मध्ये विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांचे सावकारी कर्ज माफ करण्याची योजनाही काढली होती, पण ती परवानाधारक सावकारांच्या कर्जापुरती होती. ज्याच्या कर्जाला कर्ज म्हणणारा कागदच नाही, त्याचे माफ काय करणार?

कागदाचा हा प्रश्न मामींच्या बाजूने वेगळ्याच रूपात आला. व्याजाचे साडेचार हजार थकू लागले तेव्हा मामींनी गटाचे कर्ज काढले. येथे बचत गट आणि कंपनीचा गट यांत फरक केला पाहिजे. बचत गटात बायका आपले पैसे साठवतात आणि त्यातून एकमेकींना देतात. कंपनीच्या गटात पैसे कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचे असतात, गट फक्त जामीन असतो. आठ-दहा बायका, एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा. वसुलीला येणाऱ्या पोराला सगळ्या ‘सर’ म्हणतात, तो त्यांच्या मुलाच्या वयाचा असला तरी. मामींना पहिले कर्ज 40,000 चे मिळाले, दोन वर्षांच्या मुदतीचे, आणि त्या सरांनी तोंडी सांगितलेला दर होता ‘शेकडा एक रुपया’. सावकाराच्या तीन रुपयांपुढे एक रुपया म्हणजे स्वस्ताईच. दोन वर्षांचे व्याज 9,600, दरमहा हप्ता 2,067 रुपये. मात्र हा एक रुपया पहिल्या दिवशीच्या 40,000 वर शेवटच्या महिन्यापर्यंत धरलेला असतो, मुद्दल दरमहा कमी होत गेले तरी. घटत्या शिलकीवर मांडले तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या थोडा वर जातो, आणि विम्याचे व प्रक्रियेचे पैसे आधी कापले जातात ते निराळेच.

हा व्यवहार बेकायदेशीर नाही, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. सावकारी कायदा रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतील वित्त कंपन्यांना लागू होत नाही, आणि राज्यांचे असे कायदे त्यांना लावता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू होतात. मार्च 2022 च्या नियमांनुसार वार्षिक 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज ते सूक्ष्म कर्ज. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर वसुलीसाठी त्रास देता येत नाही. मुदतीआधी फेडले तर दंड नाही. आणि दर, शुल्क, एकूण परतफेड हे सगळे एका पानावर कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यायचे. मात्र याच नियमांनी व्याजावरची पूर्वीची कमाल मर्यादा काढून घेतली आणि दर कंपनीच्या संचालक मंडळावर सोपवला.

मामींच्या घरचे उत्पन्न फॉर्मवर महिना 10,000 लिहिले होते, म्हणजे हप्त्यांची मर्यादा 5,000. पण पहिला गट असतानाच दुसरा झाला आणि मग तिसरा, आणि 2022 पूर्वी सुरू झालेली ही साखळी नियम आल्यावर आपोआप तुटली नाही. तीन हप्ते मिळून 5,717 रुपये. त्यांच्या पलीकडे सावकाराचे 4,500, जे क्रेडिट ब्युरोच्या, म्हणजे कर्जदारांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेच्या, कुठल्याच अहवालात येत नाहीत, कारण कागदावर तर मामांनी जमीन विकलेली आहे आणि पैसे ‘मिळून तक्रार राहिलेली नाही’. एकूण 10,217. दहा हजारांच्या घरातून महिन्याला दहा हजार दोनशे जाणार, आणि तरीही प्रत्येक नवा सर आपल्या यंत्रावर पाहून म्हणणार की ताई, तुमची पात्रता आहे.

एका हप्त्याच्या दिवशी मी मामींच्या घरी होतो. हप्ता सकाळी 11 वाजता होता आणि त्यांच्याकडे दोनशे रुपये कमी होते. गटातल्या सहा-सात बायका ओसरीवर बसून होत्या, कोणी काही बोलत नव्हते. सर खुर्चीवर बसून मोबाइल पाहत होता. त्याने ना आवाज चढवला, ना धमकी दिली. नियमाच्या कुठल्याही कलमात बसेल असे त्याने काहीच केले नाही. तो फक्त म्हणाला, “मीटिंग संपली नाही अजून.” बायकांना रोजाने जायचे होते, खुरपणीचे दिवस होते. सव्वा तासाने शेजारच्या आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून दोनशे काढून दिले आणि उठता उठता म्हणाल्या, “आमचा अर्धा रोज बुडिवला ह्या बयेनं.” मामी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घराबाहेर आल्या नाहीत. सहा वाजण्याच्या नियमाचा येथे काय उपयोग, मला सांगता येणार नाही.

मामांच्या भावकीतल्या एका कुटुंबाने वेगळा मार्ग धरला: उचल. बीडची ओळखच ऊसतोडीची आहे, पण आमच्या आणि धाराशिवच्या डोंगरी-कोरडवाहू गावांतूनही कोयते जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाकडून पावसाळ्यात उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम, घ्यायची आणि दिवाळीनंतर पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जाऊन टनावर ती फेडायची. पाऊस, आजारपण, बाळंतपण यांचे खाडे कोयत्याच्या नावावर पडतात, आणि हंगाम संपताना उचल फिटली नसेल तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे जाण्याची मुभा त्याच क्षणी संपते. वेठबिगारी पद्धत (निर्मूलन) अधिनियम 1976 चा आहे. आगाऊ रकमेच्या बदल्यात माणूस आपली मजुरी हवी तिथे विकण्याचा हक्क गमावतो तेव्हा त्याला कायदा वेठबिगारच म्हणतो, पण मुकादम मात्र नोटरी केलेला करारनामा दाखवतो, ज्यात उचल ‘हातउसने’ असते. असे करारनामे माझ्या शेजारच्या टेबलावर जुलै-ऑगस्टमध्ये गठ्ठ्याने होतात.

मोबाइलवरच्या कर्जाबद्दल थोडेच लिहितो, कारण तो अनुभव माझा नाही, मामेभावाचा आहे. पुण्यात नोकरीच्या शोधात असताना त्याने एका अॅपवरून 5,000 मागितले, 3,200 हाती आले आणि सातव्या दिवशी 5,000 भरायचे होते. आठव्या दिवशी त्याचा फोटो विद्रूप करून त्याच्या संपर्क यादीतल्या लोकांना गेला, मलाही आला. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कर्ज देणाऱ्या अॅपला संपर्क यादी वाचण्याचा अधिकार नाही, आणि ज्या अॅपमागे नोंदणीकृत बँक किंवा वित्त कंपनीच नाही, त्याला तर मुळातच नाही. आम्ही 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली. त्यानंतर फोन बंद झाले, की त्यांना दुसरा कोणी सापडला, ते कळले नाही. माझ्या दृष्टीने यात नवीन एवढेच की, सावकार चावडीवर करायचा ती बेअब्रू आता मशीन करते. आजोबा सांगत की निजामाच्या काळात रोहिला वसुलीला आला की दारात येऊन बसायचा आणि घरच्यांना उंबरा ओलांडू द्यायचा नाही.

एक गोष्ट लिहू की नको, यावर मी बराच विचार केला. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला राज्य सरकारकडून 1 लाख रुपयांचे साहाय्य मिळते, त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते. नापिकी आणि बँक, सहकारी संस्था किंवा परवानाधारक सावकाराचे न फिटलेले कर्ज व त्याचा तगादा, हे त्याचे निकष. आमच्या शेडात अशी कागदपत्रे तयार करायला माणसे येतात. काही वर्षांपूर्वी एक बाई आली होती. नवऱ्यावर सहा-सात लाखांचे देणे असल्याचे सगळ्या गावाला माहीत होते. बँकेचा दाखला ‘निरंक’ होता, कारण तो दरवर्षी इमानदारीने नवं-जुनं करायचा. जमीन तर तीन वर्षांपूर्वीच ‘विकलेली’ होती. शेवटी तो कर्जबाजारीही ठरला नाही आणि धड शेतकरीही ठरला नाही. त्या बाईच्या सातबाऱ्यावरची खरेदीची नोंद मी वाचली, दस्त क्रमांक पाहिला, आणि दस्तलेखकाचे नाव पाहण्याचे धाडस केले नाही.

मामांकडे वळतो. सातबाऱ्यावर दुकानदाराचे नाव 2015 मध्येच लागले होते. फेरफाराची नोटीस आली, हरकतीचे पंधरा दिवस होते, पण “नुसती फॉर्म्यालिटी हाय” म्हणून मामांनी सही करून दिली. कसत मात्र तेच होते. याचा परिणाम असा झाला की ऑक्टोबर 2020 च्या अतिवृष्टीत त्या दोन एकरांतले मामांनी पेरलेले सोयाबीन कुजले आणि त्याचे नुकसानीचे अनुदान दुकानदाराच्या खात्यात गेले. मामांनी ते व्याजात धरा म्हणून विनवले. त्याने धरले नाही. जून 2021 मध्ये, मृगाचा पाऊस पडल्यावर, त्याने 3 लाख 60 हजारांची बाकी सांगितली आणि चार दिवसांनी ट्रॅक्टर शेतात घातला.

तेव्हा मामींनी वही काढली. मामेभावाची सातवीची गणिताची वही, मागच्या पानांवर शिसपेन्सिलने नोंदी: ‘पाडवा 4500 दुकानात दिले’, ‘सोयाबीन इकून 20000’, ‘कान्यातले मोडून 12000’. सही कोणाचीच नाही. बेरीज केली तर सहा वर्षांत 2,07,000 रुपये. कायद्याच्या 9 टक्क्यांनी दीड लाखाचे सहा वर्षांचे सरळ व्याज 81,000 होते. मुद्दल धरून 2,31,000. म्हणजे मामांकडे निघत होते फार तर 24,000 रुपये, आणि सुरुवातीला कापलेले 13,500 मोजले तर अवघे साडेदहा हजार. बारा-तेरा लाखांची जमीन त्यापोटी गेली होती.

सावकारी कायद्याचे कलम 18 अशाच प्रकरणांसाठी आहे, आणि ते आपल्या लोकांना माहीत असायला हवे म्हणून सविस्तर लिहितो. सावकारी व्यवहारात तारण म्हणून गेलेली स्थावर मालमत्ता, मग ती खरेदीखताने गेली असली तरी, परत मिळावी म्हणून अर्जाच्या आधीच्या 15 वर्षांतील व्यवहारांबाबत जिल्हा निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे, दाद मागता येते. दिवाणी दाव्याचा खर्च नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही. चौकशीत दस्ताच्या शब्दांपलीकडे पाहिले जाते: दाखवलेली किंमत बाजारभावाच्या किती खाली आहे, दस्तानंतर जमीन प्रत्यक्ष कोण कसत होते, वीजबिल कोणाच्या नावाचे, शेजारचे खातेदार काय सांगतात, आणि याच माणसाच्या नावावर असे आणखी किती दस्त आहेत. तो नोंदणीकृत दस्त अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश काढण्याचा अधिकार त्या अधिकाऱ्याला आहे.

आम्ही 2022 मध्ये अर्ज केला. वही जोडली, बोअरचे वीजबिल जोडले, आणि माझे शपथपत्र जोडले, की हा दस्त मी लिहिला असून तो विक्रीचा नव्हता हे मला लिहितानाच ठाऊक होते. सुनावणीत समोरच्या वकिलांनी मला विचारले, “मग खोटा दस्त लिहिलात असे म्हणायचे आहे का?” मी हो म्हणालो. अधिकाऱ्यांनी त्याच वेळी सूची क्रमांक दोनचे, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीचे, उतारे पुढे केले. त्या दुकानदाराच्या नावे तालुक्यात एकूण 14 खरेदीखते निघाली होती. त्यांतली 11 माझ्या टेबलावरची होती. मामांनी माझ्याकडे पाहिले नाही, ते खाली फरशीकडे पाहत राहिले, आणि मला वाटते ते माझ्यासाठीच.

आदेश 2024 मध्ये मामांच्या बाजूने झाला. दुकानदार विभागीय सहनिबंधकांकडे अपिलात गेला आहे, त्यामुळे ताबा अजून मिळालेला नाही. या खरिपातही तिथे त्याचेच सोयाबीन आहे. मामांचे म्हणणे असे की उगवण चांगली नाही, रोपे विरळ आहेत.

मी मात्र त्या 11 दस्तांची यादी घेऊन फिरतो आहे. मामांचा सोडून दहा. तिघांनी अर्ज केले. दोघे चिंचवडकडे कामाला गेले, त्यांचे फोन लागत नाहीत. एकाने चहा पाजला आणि सांगितले की राहू द्या, धाकटीची सोयरीक त्याच माणसाच्या मध्यस्थीने जमली आहे. एका घरात नुसती म्हातारी आहे, ती मला सावकाराचा माणूस समजून दार लावून घेते. बाकीचे विचार करून सांगतो म्हणाले. सर्वांत जुना दस्त याच म्हातारीच्या नवऱ्याचा आहे, आणि त्याची 15 वर्षे येत्या मार्चमध्ये भरतात. गुरुवारी त्या गावचा बाजार असतो. या वेळी मामींना सोबत नेणार आहे, म्हणजे दार उघडेल.